शाळेच्या कुंपणाजवळचा वर्ग

आपल्या वेळी दहावीला ‘पर्यावरण’ नावाचा वेगळा विषय नव्हता. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ होता. पुढे अन्नसाखळी आणि परिसंस्था विज्ञानाच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यात उरकायच्या. आपल्यानंतरच्या मुलांना हा विषय सक्तीने आला. तरीही परिसराची खरी ओळख कोणाला जास्त झाली, आपल्याला की त्यांना, हे सांगणं सोपं नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने मी या विषयाचा इतिहास थोडा चाळला. तो आपल्या शाळेच्या कुंपणापर्यंत येतो, म्हणून इथे मांडते.

‘इकॉलॉजी’ हा शब्द १८६६ साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी घडवला. पण शब्द मिळाला म्हणजे रीत मिळाली असं होत नाही. ती १८९८च्या सुमारास अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ माळावर मिळाली. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोन तरुण अभ्यासक कोणती वनस्पती किती प्रमाणात आहे हे नजरेने ठरवत होते. मग त्यांनी जमिनीवर चौरस आखले आणि आतली झाडं एकेक करून मोजली. तेव्हा नजरेचा अंदाज किती फसवा असतो हे त्यांच्या लक्षात आलं. ठळक दिसणारं झाड संख्येने जास्त असतंच असं नाही. आखलेल्या चौरसात मोजण्याची ही पद्धत आजही वापरात आहे. तिला सुतळी, खुंट्या आणि चिकाटी एवढंच लागतं, म्हणून ती शाळेलाही परवडते.

शाळेत ती यायला मात्र वेळ लागला. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपलं विज्ञान शिक्षण मागे पडतंय या धास्तीने अमेरिकेने अभ्यासक्रम नव्याने लिहायला घेतले. त्यातून १९६३ साली हायस्कूलसाठी जीवशास्त्राची तीन वेगवेगळी पुस्तकं निघाली. त्यातलं ‘हिरव्या आवृत्ती’चं पुस्तक संपूर्ण जीवशास्त्र इकॉलॉजीच्या अंगाने शिकवत होतं.

आपल्याकडे वेगळ्या वाटेने हाच विचार आधीपासून चालू होता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत ‘नई तालीम’ची मांडणी झाली. हाताचं काम, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज यांच्याशी शिक्षण जोडायचं, असा तिचा गाभा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची ‘कुरणशाळा’. तिथली मुलं आपल्यापेक्षा लहान होती, पण वर्गाला चार भिंती लागतातच असं नाही, हे कोसबाडने दाखवून दिलं.

सगळ्यात मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीत, विज्ञान करून शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात सामील झाले. मुलं परिभ्रमणाला जात, पानं गोळा करत, त्यांचे गट पाडत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत ठेवायची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिक असे. पाठ केलेली व्याख्या तिथे कामाची नव्हती. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने हे काम सांभाळलं. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला.

नेमक्या त्याच सुमाराला दुसऱ्या टोकाने गोष्टी वेग घेत होत्या. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले, आणि अंमलबजावणी होत नाही हे पाहून २००३ साली पुन्हा कान उपटले. हेतू उत्तम होता. पण विषय सक्तीचा झाला तसा प्रकल्पही सक्तीचा झाला, आणि तयार प्रकल्पवह्या स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागल्या. ‘जलप्रदूषण’ या विषयावर सुंदर मुखपृष्ठाची वही पूर्ण होते, आणि त्यासाठी नाल्यापर्यंत जावं लागत नाही.

आता आपल्याकडे वळते. आपल्या जीवशास्त्राच्या बाईंनी असला कुठलाही आदेश नसताना नववीत आपल्याला मैदानामागच्या पट्ट्यात नेलं होतं, आठवतंय? एक मीटर लांबीची सुतळी, चार खुंट्या आणि एकेका चौरसाला पाच जण. हरळी, आघाडा, टाकळा, दगडी पाला आणि जिकडेतिकडे गाजरगवत. त्या गाजरगवताचाही इतिहास आहे. मूळ अमेरिका खंडातल्या या तणाची नोंद पुण्यात १९५०च्या दशकात झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बंगळुरूत मुद्दाम सोडण्यात आला. जिथे टाकळा दाट तिथे गाजरगवत विरळ का, असं बाईंनी विचारलं होतं. उत्तर सांगितलं नाही, मोजायला सांगितलं.

मी गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून मला त्या तासाची एक बाजू जास्त दिसते. एकदा मोजलेली संख्या ही फक्त आठवण असते. तीच जागा, तोच महिना, तीच रीत ठेवून दरवर्षी मोजलं तर ती माहिती होते. आपली जर्नलं वर्षअखेरीला रद्दीत गेली. ती नोंद पुढच्या प्रत्येक नववीने चालू ठेवली असती, तर त्या पट्ट्यात गाजरगवत वाढलं की हटलं, भुंगेरा कोणत्या वर्षी दिसला, हे आज आपल्या शाळेला सांगता आलं असतं. हे अवघड नाही. २०१० पासून ‘सीझनवॉच’ या उपक्रमात केरळातल्या कितीतरी शाळांची मुलं ठरावीक झाडांचा मोहर, पालवी आणि फळं नोंदवत आहेत. अशा नोंदी साठल्या तरच आंबा लवकर मोहरतोय का, याचं उत्तर नुसत्या गप्पांपलीकडे जातं.

मित्रमैत्रिणींनो, शाळेला काय भेट द्यायची याच्या यादीत सध्या दोन गोष्टी पुढे आहेत : डिजिटल वर्ग, आणि मैदानामागच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक. पहिल्याला माझी वर्गणी आनंदाने. दुसऱ्याला माझा विरोध आहे. चिखल होतो, साप निघतात, ही शिक्षकांची काळजी खरी आहे. म्हणून जाण्या-येण्याची वाट बांधून घेऊ, तिच्या कडेचं गवत कापून ठेवू. पण पलीकडचे वीस-पंचवीस फूट मोकळे राहू द्या. तिथे चार पक्के खुंटे ठोकू आणि ग्रंथालयात एक जाड बांधणीची नोंदवही ठेवू. दर सप्टेंबरमध्ये, पावसाचं गवत उभं असताना, नववीचा एक तास. खर्च एका जेवणाच्या ताटाएवढा.

बाईंना आणि सध्याच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे की पहिल्या वर्षी चौरस कुठे आखायचे ते त्यांनीच ठरवावं. नोंदींचे तक्ते करून द्यायचं काम माझं.