हिमातील उष्णतावहनाचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुंबईच्या उपनगरांत हिम पडत नाही. तरीही अंधेरी आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या पवईत हिमालयातील हिमाचा अभ्यास दीर्घकाळ झाला आहे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी मापनाचा पूर्वेतिहास पाहावा लागतो.

उष्णतावहनाचे समीकरण फूरिए याने १८२२ च्या ग्रंथात मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एकातेरिनबुर्ग येथे आबेल्स याने हिमात निरनिराळ्या खोलींवर तापमापक पुरले. पृष्ठभागावरील तापमानाचा चढउतार खाली जाताना किती मंदावतो व किती उशिरा पोचतो, यावरून त्याने हिमाची उष्णतावाहकता काढली. ती घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्याचा निष्कर्ष होता. भुसभुशीत हिमात अडकलेली हवा उष्णतेला अडवते. दिवसरात्रीचा चढउतार सुमारे अर्ध्या मीटर खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो. याच तत्त्वावर पुण्यात १९३० च्या दशकात एल. ए. रामदास यांनी काळ्या जमिनीचे तापमान अभ्यासले. जमिनीवर खडूच्या भुकटीचा पांढरा थर दिला असता ती थंड राहते, असे त्यांना आढळले.

जमीन मात्र वितळत नाही. हिम ०° सेल्सिअसला पोचले की येणारी उष्णता वितळण्यात खर्च होते (किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल) आणि तापमापक स्थिर राहतो. नद्यांना पाणी केव्हा मिळणार, हा प्रश्न ज्या क्षणी महत्त्वाचा ठरतो, नेमका त्याच क्षणी तो मुका होतो.

येथे पवईचे कार्य उल्लेखनीय ठरते. भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील १९७६ साली स्थापन झालेल्या साधनसंपत्ती अभियांत्रिकी अध्ययन केंद्रात प्रा. जी. वेंकटरामन व सहकाऱ्यांनी एन्व्हिसॅट उपग्रहाच्या रडार-प्रतिमांवरून हिमाचल प्रदेशातील हिमाचा अभ्यास केला. कोरडे हिम या लहरींना जवळजवळ पारदर्शक असते. त्यात पाणी सुटताच परतणारा संकेत एकदम क्षीण होतो.

उपग्रहामुळे तापमापक कालबाह्य झाला, असे मानणे चुकीचे होय. कोरड्या हिमात दर मीटरला १०° हून अधिक तापमानभेद राहिल्यास कण कंगोरेदार व सैल होतात आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो. हे तापमान रडारला दिसत नाही. त्यासाठी, १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेल्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेची निरीक्षणे आवश्यक ठरली. एन्व्हिसॅटचा संपर्क २०१२ मध्ये तुटला; २०२० मध्ये ही संस्थाही दुसऱ्या संरक्षण प्रयोगशाळेशी एकत्रित करण्यात आली. हिमालयात हिमाचे खड्डे खणून तापमान नोंदविण्याची गरज मात्र कायम आहे.