जुनं नाणं घासू नका : किंमत ठरते ती 'कंडिशन'वर

जसोंडी (जि. बुऱ्हाणपूर) : दिवाळी जवळ आली की आपल्याकडे पेटीतले चांदीचे रुपये बाहेर निघतात. लक्ष्मीपूजनाला ते चकचकीत दिसले पाहिजेत म्हणून चिंच, लिंबू, राख, नाहीतर दात घासायची पावडर लावून रगडून काढतात. पूजेच्या दृष्टीनं ते ठीक आहे. पण उद्या तेच नाणं विकायला नेलं, तर घासलेल्या नाण्याला संग्राहक हातही लावत नाही. मग सराफ ते वजनावर, चांदीच्या भावानं घेतो.

असं का होतं? चांदीवर वर्षानुवर्षं हळूहळू जो काळसर, निळसर थर चढतो, तो जाणकाराला मळ वाटत नाही. नाण्याचा मूळ पृष्ठभाग शाबूत असल्याची ती खूण आहे. घासल्यावर थर जातोच, शिवाय अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि बारीक ओरखडे पडतात. हे ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि पुन्हा कधी भरून येत नाहीत.

व्यापारी नाण्याची प्रत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेलं, अशी चढत्या क्रमानं सांगतात. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये 1 ते 70 गुणांची मोजपट्टी दिली, ती आता आपल्याकडच्या लिलावांतही दिसते. राणी व्हिक्टोरियाचा रुपया घ्या. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. हातोहात फिरून आधी झिजतात ते उंचावरचे भाग : गाल, केस, मुकुट, झग्यावरची नक्षी. नक्षीची रेघ न् रेघ दिसत असेल, तर त्याच सालच्या झिजलेल्या रुपयापेक्षा कितीतरी पट जास्त मिळतात. कडी डाकवलेला किंवा माळेसाठी भोक पाडलेला रुपया मात्र जवळजवळ चांदीच्या भावावरच येतो.

आपल्या बुऱ्हाणपूरची गोष्ट जरा निराळी. इथे मुघलांची टांकसाळ होती. सुरतेहून आग्र्याला जाणारी व्यापाराची वाट इथूनच जायची आणि जहांगीर, शहाजहान, औरंगजेब यांचे चांदीचे रुपये इथे पडले. ही नाणी हातोड्यानं ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे सगळा मजकूर नाण्यावर मावायचाच नाही. म्हणून इथे झिजेच्या आधी एकच प्रश्न येतो : 'बुऱ्हाणपूर' हे गावाचं नाव आणि साल पूर्ण उतरलंय का? नाव अर्धं कापलं गेलं असेल, तर चकाकणारं नाणंही मागे पडतं. जुन्या सराफांनी चांदी पारखायला मारलेले छोटे ठसे असतील, तर किंमत आणखी उतरते. इतिहास म्हणून मला तेच ठसे जास्त आवडतात, पण बाजाराला नाही. शिवराईचंही तसंच. झिजलेल्या शिवराया भरपूर आहेत. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पूर्ण वाचता येणारी शिवराई शोधावी लागते.

दुर्मीळपणा असला की हा हिशेब थोडा बदलतो. 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया झिजलेला असला तरी गिऱ्हाईक मिळतं. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या कार्डांचा बाजारही असाच चालतो. मिकी मँटलचं 1952 चं कार्ड 10 पैकी 9.5 दर्जाचं होतं, ते 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी होनस वॅग्नरचं फार दुर्मीळ कार्ड फक्त 2 दर्जाचं असूनही साडेबाहत्तर लाखांना विकलं गेलं. पण आपल्या पेटीत सहसा वॅग्नर नसतो, तिथे कंडिशनच बघितली जाते.

नाणं कडेला धरून उचला, बोटाचा घाम चेहऱ्यावर लागू देऊ नका. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो. त्यापेक्षा कोऱ्या कागदाचं पाकीट आणि कोरडी पेटी बरी. माती लागलेली असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि न चोळता टिपून घ्या.

'जुनी नोट द्या, लाखो मिळवा' असे मेसेज आले, तर आधी पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की असे व्यवहार ती करत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही.

आणि शेतात नांगराला हंडा लागला तर? 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. 100 वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्यामुळे परदेशी पाठवता येत नाहीत, मग नातेवाईक अमेरिकेत असले तरी.