प्राध्यापकांना पहिले पत्र

परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी जाऊ पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने तिथल्या प्राध्यापकांना स्वतः पत्र लिहावे, ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी फारशी रुळलेली नव्हती. भर होता तो शिफारसपत्रावर. ओळखीच्या प्राध्यापकाने आपल्या ओळखीच्या प्राध्यापकाला लिहायचे आणि विद्यार्थ्याने उत्तराची वाट पाहायची.

श्रीनिवास रामानुजन यांचे कामही आधी याच मार्गाने गेले. 1912 च्या अखेरीस मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ग्रिफिथ यांनी ते लंडनला आपले गुरू एम. जे. एम. हिल यांच्याकडे पाठवले. हिल यांनी चुका दाखवल्या, ब्रॉमविच यांचे अनंत श्रेणींवरचे पुस्तक वाचायला सुचवले. शिष्य करून घेण्याची गोष्ट मात्र काढली नाही. रामानुजन यांनी स्वतः केंब्रिजच्या बेकर आणि हॉब्सन यांना लिहिले, पण दाद लागली नाही. मग 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजचेच गणिती जी. एच. हार्डी यांना पत्र धाडले. आपण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला 20 पौंडांवर काम करणारे कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले आणि पुढे पानेच्या पाने सूत्रे मांडली. हार्डी यांच्याच एका पुस्तिकेतील विधानाचा धागाही पत्रात पकडलेला होता. या पत्राचे बळ इथेच आहे: ज्यांना लिहायचे त्यांचे लेखन वाचलेले आणि आपले काम सोबत जोडलेले. उणीव सिद्धतांची होती. हार्डी यांनी आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह ती सूत्रे तपासली आणि 8 फेब्रुवारीच्या उत्तरात नेमक्या सिद्धताच मागितल्या. 1914 च्या एप्रिलमध्ये रामानुजन इंग्लंडला पोहोचले.

शिफारसीची वाट त्यानंतरही चालू राहिली. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सेलिग्मन यांनी बाबासाहेब आंबेडकरांसाठी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र दिले. आंबेडकरांनी डॉक्टरेट मिळवलेलीच आहे, तेव्हा जिंकायला इथे काही उरलेले नाही, असे फॉक्सवेल यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सचिवांना कळवले. आंबेडकरांनी तरीही तिथे नाव घातले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली.

4 जून 1924 रोजी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना लिहिलेले पत्र तर नमुनाच मानावे. बोस तेव्हा विद्यार्थी नव्हते, ढाका विद्यापीठात रीडर होते. पत्र थोडक्यात होते आणि मागणी एकच होती: सोबतचा निबंध योग्य वाटल्यास तो जर्मन नियतकालिकात छापण्याची व्यवस्था करावी. सापेक्षतेवरील निबंधांच्या इंग्रजी भाषांतराची परवानगी आपण पूर्वी मागितली होती, याची आठवणही त्यांनी दिली. आइन्स्टाइन यांनी निबंध स्वतः जर्मनमध्ये आणून छापवला. त्यांच्या पोस्टकार्डामुळे बोस यांना युरोपात जाण्यासाठी दोन वर्षांची रजा मिळाली.

आज पत्राच्या जागी ईमेल आला आहे. अमेरिकेतील बऱ्याच विभागांत प्रवेश समिती ठरवते, त्यामुळे आधी लिहिलेच पाहिजे असे नाही. ब्रिटन आणि जर्मनीत मात्र पीएच.डी.साठी अनेक ठिकाणी मार्गदर्शकाचा होकार आधी लागतो. विषयाच्या ओळीत हेतू, दोन परिच्छेदांत परिचय, त्या प्राध्यापकांच्या एखाद्या निबंधाशी जोडलेला नेमका प्रश्न, सोबत कामाचा तपशील आणि उत्तर न आल्यास दोनेक आठवड्यांनी एकच स्मरणपत्र, असा आता रिवाज आहे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवणे अशिष्ट समजले जाते.