कैदी, परदेशी, उपाहारगृह : पुण्याच्या चायनीजचे कागद

मुंबई दुकाने आणि संस्था अधिनियम १९४८ साली झाला आणि पुढे पुण्यातल्या प्रत्येक खाणावळीला सरकारदरबारी एक ठरावीक कप्पा मिळाला. दुकान वेगळं, व्यापारी संस्था वेगळी, निवासी हॉटेल वेगळं, नाटक-सिनेमाचं थिएटर वेगळं, आणि उपाहारगृह किंवा भोजनगृह वेगळं. नोंदणी करताना मालक कोण, व्यवस्थापक कोण, पत्ता काय, धंद्याचं स्वरूप काय, नोकर किती, एवढं सांगायचं. पेठेतली खाणावळ, कॅम्पातलं इराण्याचं हॉटेल आणि चिनी आचाऱ्याचं रेस्टॉरंट ही तिन्ही या कायद्याच्या नजरेत एकच. चुलीवर तवा आहे की खोलगट कढई, हे विचारायचं त्याला कारणच नव्हतं.

पुण्यातल्या चायनीजचा इतिहास साधार लिहायला बसलं की पहिली अडचण ही येते. कागद नाहीत असं नाही. चिनी माणसांबद्दलचे कागद या प्रांतात जवळजवळ दोनशे वर्षांचे आहेत. मात्र ते ज्या कचेऱ्यांनी लिहिले त्यांना स्वयंपाकाशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळे भलत्याच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून आपल्याला हव्या त्या गोष्टी वेचाव्या लागतात.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरघोस पुरावा पुण्याचा नाही, महाबळेश्वरचा आहे. पण तो पुण्यापासून तोडता येत नाही. मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचा लवाजमा उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात मुक्काम करी; डोंगरावर जे साहेब जेवत तेच पुढे कॅम्पातल्या बंगल्यांत जेवत. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला, खंडाळा गाव देऊन कंपनी सरकारने ही जागा घेतली आणि गव्हर्नर जॉन माल्कमच्या नावाने माल्कम पेठ वसली. त्यानंतर काही वर्षांतच तिथे एक तुरुंग उभा राहिला. १८८५ साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. १८३४च्या सुमाराचं बांधकाम, सव्वाशेच्या आतबाहेर कैद्यांची सोय, आणि कैदी कोण, तर चिनी आणि मलायी.

हे लोक सह्याद्रीच्या माथ्यावर आले कसे? त्या काळी पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही कंपनीच्या ताब्यातली ठाणी होती आणि काळ्या पाण्याची शिक्षा दोन्ही दिशांनी चाले. इथले कैदी तिकडे जात, तिकडचे इकडे येत. कोकणातल्या किंवा देशावरच्या कैद्याला जसं सिंगापूर, तसंच सिंगापूरच्या चिनी मजुराला महाबळेश्वर. घाटावरची थंडी आणि पाऊस त्याने आयुष्यात कधी पाहिला नसणार.

तुरुंग १८६४ साली बंद झाला. पण मधल्या तीस वर्षांत या कैद्यांनी जे केलं ते गॅझेटियरच्या लेखकाला सांगण्याजोगं वाटलं. त्यांनी मळे केले. बटाटे आणि साहेबांच्या जेवणाला लागणाऱ्या भाज्या पिकवल्या. दक्षिणेच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका धबधब्याला अजून चायनामन्स फॉल म्हणतात, ते जवळच्या चिनी मळ्यांवरून. सहलीला जाणारे हजारो पुणेकर ते नाव उच्चारतात. त्या मळ्यांत राबणाऱ्या माणसांची नावं मात्र गॅझेटियर देत नाही.

या नोंदीतून फार पुढे उडी मारण्याचा मोह आवरायला हवा. महाबळेश्वरच्या कैद्यांपासून आजच्या चायनीजपर्यंत सरळ वंशावळ काढता येत नाही. मळा होता म्हणजे हॉटेल होतं असं नव्हे. कैदी स्वतःसाठी काय शिजवत याचा उल्लेख तिथे नाही, कारण गॅझेटियरला पिकाशी आणि बाजाराशी कर्तव्य होतं. पण एवढं ठामपणे म्हणता येतं की या भागात चिनी माणूस आणि अन्न यांची पहिली सविस्तर लेखी गाठ पडते ती भाजीच्या वाफ्यात.

पुढचा टिकून राहिलेला पुरावा कागदी नाही. तो मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर उभा आहे. १९१९ सालचं सी यूप कून हे देऊळ. सी यूप म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातले चार जिल्हे, आणि देऊळ त्या चार जिल्ह्यांतून आलेल्या लोकांनी बांधलं. गोदी जवळ, खलाशी आणि सुतार या वस्तीत. देवळाच्या नावातच आपलं गाव सांगणारी ही माणसं सरकारी दप्तरात फक्त ‘चिनी’ होती.

याच चार जिल्ह्यांतून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जाणाऱ्या चिनी लोकांचा मोठा लोंढा निघाला होता, म्हणून तिथल्या कागदांशी तुलना करण्यात अर्थ आहे. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना देशबंदी केली. व्यापाऱ्यांना मात्र मुभा ठेवली. रेस्टॉरंटचा मालक व्यापारी की मजूर, हा वाद न्यायालयात गेला आणि १९१५ साली तो व्यापारी ठरू शकतो असा निकाल लागला. मग काय, व्यापारी म्हणून शिक्का मिळवण्यासाठी चांगली मोठी रेस्टॉरंटं निघाली. भागीदार आळीपाळीने व्यवस्थापक होऊ लागले, म्हणजे प्रत्येकाला मायदेशी जाऊन यायची किंवा घरच्यांना आणायची संधी मिळे. आणि हे सिद्ध करायचं तर भागीदारांची यादी, कोणी किती भांडवल घातलं याचा हिशोब, चिनी नसलेल्या दोन साक्षीदारांचे जबाब, हे सगळं इमिग्रेशन कचेरीला द्यावं लागे. त्या फायली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वंशद्वेषातून निघालेल्या एका कायद्याने शेकडो स्वयंपाकघरांचा हिशोब जपून ठेवला. त्याच गावांतून मुंबईत आलेल्या माणसांना असं कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांची रेस्टॉरंटं फायलींत उतरली नाहीत.

पुण्यात या काळात चिनी भाषा होती, हे इथे नोंदवलंच पाहिजे. फर्ग्युसन कॉलेजातले पु. वि. बापट यांचा विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना करणारा ग्रंथ १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. विमुत्तिमग्ग संपूर्ण असा चिनी भाषांतरातच उरला आहे, त्यामुळे बापटांना चिनीतून काम करावं लागलं. बौद्ध भिक्षूंच्या नियमांवरच्या एका पाली टीकेचं चिनी रूप त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह इंग्रजीत आणलं, तेही भांडारकर संस्थेने १९७० साली काढलं. पुण्यातल्या चिनी अक्षरांना तारीख आहे, प्रकाशक आहे, पृष्ठसंख्या आहे. पुण्यातल्या चिनी चुलीला यांपैकी काही नाही, आणि ही उणीव मला टोचते.

मग १९६२ आलं. या वर्षाचे कागद स्पष्ट आहेत आणि वाचताना जड जातात. ऑक्टोबरात युद्ध पेटलं, आणीबाणी जाहीर झाली. महाराष्ट्राच्या आठवणीत तो काळ यशवंतराव चव्हाणांचा आहे. नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य घराघरांत गेलं. त्याच आठवड्यांत परदेशी नागरिकांविषयीचा कायदा बदलला गेला. जन्माने शत्रुराष्ट्राचा नागरिक असलेल्या, मूळ भारतीय नसलेल्या माणसाला परदेशी म्हणून वागवण्याची तरतूद झाली. त्या सुमाराच्या आदेशांत तर आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापैकी कोणी चिनी नागरिक असणं एवढंही पुरेसं धरलं. नोंदवलेला पत्ता चोवीस तासांहून जास्त सोडायचा तर परवानगी घ्यायची. आसाम, बंगाल आणि शिलाँगकडच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती. जॉय मा आणि दिलीप डिसोझा यांनी २०२० साली ‘द देवळीवालाज’ या पुस्तकात त्यांच्यापैकी काहींच्या साक्षी एकत्र आणल्या. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला.

पश्चिम भारतातल्या चिनी कुटुंबांवर देवळीइतकं संकट कोसळलं नाही. पण चोवीस तासांचा तो नियम हॉटेलवाल्याच्या जागी उभं राहून वाचून पाहावा. सामानासाठी, आचाऱ्यासाठी, नात्यातल्या लग्नामयतीसाठी परगावी जायचं तर पोलिसांची चिठ्ठी. हा माझा तर्क आहे, पण नियमाच्या शब्दांबाहेरचा नाही. अशा दिवसांत माणूस आपल्या पाटीवर, आपल्या हिशोबावर, आपल्या पत्रांवर स्वतःच्या खुणा कमीत कमी ठेवतो. कागद कमी का उरले याचं एक उत्तर इथेही असणार.

यानंतर दहा-बारा वर्षांत चित्र पालटतं, आणि ते मुंबईतून. ताज हॉटेलमध्ये १९७०च्या दशकात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं, कमेलिया पंजाबी यांच्या पुढाकाराने. कँटनच्या, म्हणजे ग्वांगडुंगच्या, सौम्य जेवणाच्या जागी सिचुआन प्रांताचं तिखट जेवण त्यांनी आणलं. १९७४ साली कोलकात्यात वाढलेला नेल्सन वाँग हा चिनी वंशाचा तरुण मुंबईत आला. पुढल्या वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना, नेहमीच्या यादीबाहेरचं काही मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी, आपण चिकन मंचुरियन केलं असं ते सांगत आले. बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. कॉर्नफ्लॉवरने दाट केलं.

ही साक्ष करणाऱ्याची स्वतःची आणि बऱ्याच वर्षांनी दिलेली आहे. इतिहासात अशी साक्ष एकटी पुरत नाही, म्हणून पदार्थालाच विचारायचं. आलं-लसूण-मिरची तेलात परतून सुरुवात करणं ही आपल्या घरच्या रश्शाची रीत. सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर ही कँटनच्या स्वयंपाकघरातली. मंचुरिया चीनच्या ईशान्येला, आणि तिथल्या जेवणाशी याचं काही नातं नाही. म्हणजे ताटात जे आहे ते वाँग यांच्या सांगण्याशी जुळतं: दोन्ही चुली ठाऊक असलेल्या कोणीतरी, भारतीय गिऱ्हाईक समोर ठेवून, हा पदार्थ जुळवला. तो माणूस वाँगच, हे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

‘शेजवान’ या, सिचुआनवरून आलेल्या, नावाचीही परीक्षा याच पद्धतीने करता येते. सिचुआनच्या जेवणाची ओळख म्हणजे जिभेला मुंग्या आणणारं तिथलं तिरफळासारखं फळ. कोकणी माणसाला ते चटकन कळेल, कारण तिरफळ त्याचंच भावंड. पण पुण्यातल्या गाडीवरच्या लाल चटणीत ते सापडत नाही. तिथे सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, व्हिनेगर आणि तेल. तिरफळ आपल्याकडे कोकणात हाताशी असताना ते या चटणीत आलं नाही. ही कृती सिचुआनच्या घरातून नव्हे, मुंबईच्या रेस्टॉरंटांतून आपल्यापर्यंत आली, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पुढे ‘शेजवान चटणी’ या शब्दांवरच्या हक्कासाठी दिल्ली उच्च न्यायालयात दावा चालला, आणि हे दोन शब्द न्यायालयाच्या दप्तरातही गेले.

पुण्यात चायनीज स्थिरावलं ते या मुंबईकर वळणानंतरचं. कर्वे रस्त्यावरचं चायनीज रूम, ब्लू डायमंड हॉटेलातलं व्हिस्परिंग बांबू, आणि मग बोट क्लब रस्त्यावरचं मेनलँड चायना. यांतल्या शेवटच्या नावापाशी इतिहासकाराला हायसं वाटतं. मेनलँड चायना ही साखळी अंजन चटर्जी या बंगाली उद्योजकाने १९९४ साली मुंबईत साकी नाक्याला सुरू केली. त्यांची स्पेशालिटी रेस्टॉरंट्स ही कंपनी मे २०१२मध्ये शेअर बाजारात उतरली. त्यासाठी सेबीला माहितीपत्रक द्यावं लागतं: शाखा कुठे, जागा कोणाची, परवाने कोणते, धोके काय, प्रवर्तक कोण. अमेरिकेतल्या त्या फायलींत जे विचारलं गेलं होतं ते इथे शंभर वर्षांनी विचारलं गेलं, यावेळी गुंतवणूकदारांच्या हितासाठी. चिनी जेवणाचा धंदा स्वतःबद्दल सविस्तर लिहितो असा हा आपल्याकडचा मोठा कागद. त्याच्या प्रवर्तकांत चिनी कोणी नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण सी यूपच्या लोकांची गोष्ट त्यात शोधू नये.

त्याच वेळी संध्याकाळी सहाच्या पुढे कोथरूडपासून हडपसरपर्यंत लाल रंगाच्या गाड्या लागत होत्या, आजही लागतात. कढईखाली भडकलेला जाळ, बादलीभर शिजवून ठेवलेला भात, उभी चिरलेली कोबी-गाजर-सिमला मिरची, हाफ की फुल एवढाच प्रश्न. पुण्यात बहुसंख्यांनी पहिलं चायनीज खाल्लं ते इथे. कढई हलवणारा पुष्कळदा नेपाळचा किंवा ईशान्येकडचा मुलगा असतो. पथविक्रेता अधिनियम २०१४ साली आला आणि गाडीवाल्याला विक्री प्रमाणपत्राचा हक्क मिळाला. त्या कायद्यात वर्ग आहेत ते एका जागी बसणारा, फिरता, आणि इतर. पोलिसांनी, अतिक्रमणवाल्यांनी उठवू नये म्हणून तो कागद फार मोलाचा आहे. गाडीवर काय शिजतं आणि शिजवणारा ते कुठे शिकला, हे विचारायचं असेल तर ते त्याच्याकडे जाऊन आताच विचारावं लागेल, आणि लिहून ठेवावं लागेल: नाव, गाव, उस्ताद कोण, पहिली नोकरी कुठल्या हॉटेलात, गाडी कोणत्या साली लावली.