घरातला खर्ज

नाशिकचा ढोल ठाऊक नाही असा माणूस आपल्या महाराष्ट्रात विरळाच. गणपतीच्या मिरवणुकीत तो घुमू लागला, की कानाआधी छातीला कळते. हा जो खालचा भरदार नाद, त्याला आपण खर्ज म्हणू. उघड्या मैदानात ढोल वाजला, तर दूर जावे तसा तो मंदावतो, इतकेच. पण हाच खर्ज खोलीत यंत्रातून ऐकायचा म्हटले, की भलतेच गौडबंगाल सुरू होते. ते उलगडायला शंभर वर्षे गेली.

ग्रामोफोन कंपनीने भारतातल्या पहिल्या तबकड्या १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित केल्या. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचे, अशी ती रीत. त्या कर्ण्याला खर्ज पेलतच नसे. सिनेमाचेही तसेच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली पडद्यावर लंका जाळून दाखविली, पण पडदा मुकाच होता. तो हिंदुस्थानात बोलू लागला १९३१ साली, ‘आलम आरा’मध्ये. दरम्यान १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी विजेवर हलणाऱ्या कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला, आणि खर्जाला वाट मिळाली. पुढे १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल नाद काढला. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या इंग्रजी चित्रपटासाठी तर थिएटरांत खास मोठ्या पेट्या बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या थरथरविण्यात आल्या. केवळ खर्जासाठी असलेली ही पेटी, म्हणजे सबवूफर, मग घरोघरच्या स्टिरिओशेजारी येऊन बसली.

आणि तक्रारी सुरू झाल्या. एकाच खोलीत भिंतीला टेकलेल्या आजोबांना ढोल ढमढम ऐकू येतो, मधल्या खुर्चीवरच्या नातवाला काहीच नाही! लोकांनी काय करावे? आणखी मोठी पेटी आणली, आणखी जोर लावला. मोठ्याने वाजते तेच चांगले, ही आपली जुनी समजूत. पण त्याने ढमढम तेवढी वाढली. नातू होता तिथेच कोरडा राहिला.

याचे कारण यंत्रात नाही, खोलीत आहे. सेकंदाला ३३ कंपने असलेल्या नादाची एक लहर सुमारे ३४ फूट लांब असते. सतरा फूट लांबीच्या खोलीत तिची बरोबर अर्धी लहर बसते. ती भिंतींवर आपटून जागच्या जागी झुलू लागते. दोन्ही टोकांना दाब जोराचा, मध्यभागी जवळजवळ शून्य. झोपाळाच म्हणा ना! एका बाजूने ढकलला की झुलतो. पण दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाच क्षणी सारखाच जोर लावला, तर जागचा हलत नाही.

अमेरिकेतल्या हरमन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली हाच प्रश्न गणिताने आणि मोजमापाने तपासला. चौकोनी खोलीत चार भिंतींच्या मध्याशी एकेक, अशा चार पेट्या ठेवल्या, तर बसणाऱ्या सगळ्यांना खर्ज बराचसा सारखा मिळतो. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोनच ठेवल्या, तरी काम पुष्कळ साधते. चारांपुढे कितीही वाढवा, फारसा लाभ नाही. (दुकानदार हे सांगणार नाही, हे उघडच आहे.) गाण्यातला डावा-उजवा भेदही त्यामुळे बिघडत नाही, कारण सेकंदाला ऐंशी कंपनांखालचा नाद कुठून आला, हे खोलीत कानाला उमगत नाही.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखविता येईल. मोठ्या ध्वनिक्षेपकावर साठ कंपनांचा एकच सूर हळू लावून तो कोपऱ्यात ठेवावा आणि मुलांना खोलीभर सावकाश चालायला सांगावे. सूर कुठे फुगतो, कुठे विरतो, तिथे जमिनीवर खडूने खुणा करून घ्याव्यात. घरी एकच पेटी असेल, तर ती बदलण्याआधी बसायची जागा दोन-तीन फूट पुढेमागे सरकवून पाहावी.