बिडाचा कठडा

कारंजा लाडमधलं आमचं आजोळचं घर मागच्या दिवाळीनंतर पाडलं. दरवाजे, सागवानी खांब, तांब्याचे हंडे यांची आधीच वाटणी झाली होती. माडीच्या कठड्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तो भंगारात जाणार होता, किलोच्या भावाने.

वेलबुट्टीच्या नऊ जाळ्या. लहानपणी त्यांच्या फटींतून पाय सोडून मी पोळ्याची गर्दी पाहायचो.

वाशिम जिल्ह्यातलं कारंजा तसं लाकडाचं गाव. इथल्या जुन्या जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम प्रसिद्ध आहे. गाव व्यापारी आणि श्रीमंत. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा गाठलं, ते त्यामुळेच. जुन्या वाड्यांत लोखंड दिसायचं ते दारांवर: कड्या, कोयंडे, पट्ट्या, खिळे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे सुळे आठवा. हे सगळं घणाखाली घडवलेलं.

आमचा कठडा मात्र ओतलेला होता आणि इथेच सगळा फरक आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड वितळत नाही, मऊ होतं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. बिडात कार्बन २ टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळे ते १२०० अंशांच्या आसपास पातळ होतं आणि साच्यात ओतता येतं. लाकडात एकदा नमुना कोरायचा, वाळूत दाबून हवे तितके साचे काढायचे. कोरण्याचे कष्ट एकदाच. आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी एकदा लिहायची, मग कुणीही इम्पोर्ट करावी.

ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीने यावरच धंदा उभा केला. जाडजूड कॅटलॉगमधून खांब, कठडे, कारंजी निवडायची आणि मागवायची. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा तर अख्खा सांगाडाच १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनला आणि जहाजाने येऊन इथे जोडला गेला.

वऱ्हाडात या मालाची वाट कापसाने उघडली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. त्याच दशकात भुसावळहून निघालेली रेल्वे मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. जी गाडी गाठी मुंबईला न्यायची, तीच बंदरावरचा माल घेऊन परत येऊ शकत होती. मूर्तिजापूरहून कारंज्यापर्यंत बैलगाडी होतीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळकडे जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ही आली. ज्यांच्या हाती कापसाचा पैसा होता, त्यांच्या माड्यांना नवा थाट परवडू लागला.

पाडायच्या आदल्या दिवशी मी कठडा पहिल्यांदा नीट पाहिला. जाळीची मागची बाजू सपाट. प्रत्येक फुलाच्या डाव्या पाकळीचं टोक तुटकं, सगळीकडे नेमकं तिथेच. म्हणजे मूळ लाकडी नमुन्याचाच टवका उडालेला. सोर्समधला बग प्रत्येक प्रतीत उतरला होता.

फक्त सातव्या जाळीत पाकळी पूर्ण होती. ते फूल ओतलेलं नव्हतंच. कधीतरी मूळचं फूल फुटलं असणार. बीड ठोकून वाकवता येत नाही, म्हणून कुणा लोहाराने पट्टी तापवून, वाकवून नवं फूल केलं आणि रिव्हेट मारून बसवलं. कडेला घणाच्या खुणा होत्या. शेजारच्या फुलांसारखंच करायचं असतं तर त्याला तुटकं टोक करावं लागलं असतं. त्याने ते केलं नाही.

“काहाले पाहतं रे बापा?” मामा म्हणाला. “बिडाचं हाय ते. आपटलं का फुटते.”

त्याचं खरंच होतं. भंगारवाल्याने गाडीत मावाव्यात म्हणून जाळ्यांवर घण घातला, तेव्हा त्या काचेसारख्या तुटल्या. सातवीपर्यंत पोचायच्या आत मी त्याला थांबवलं. त्याने ती काट्यावर ठेवली, वजन केलं आणि बाकीच्यांच्याच भावाने मला दिली.

आता ती पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, माझ्या टेबलामागे उभी आहे. तुमच्या गावात असा कठडा असेल तर त्याच्या सगळ्या फुलांवरून एकदा हात फिरवून पाहा. आमच्या कठड्यावरून मी तो फिरवला, तेव्हा एकच दिवस हातात होता.