मिठाच्या पाण्याचा स्विमिंग टँक: बोअरच्या पाण्यावर तो कसा सांभाळायचा?

बीड जिल्ह्यात पोहायला शिकायचं ते विहिरीत, पाठीला डबा किंवा कॅन बांधून. आता शेतातल्या घरापुढे छोटा टँक बांधायची हौसही वाढते आहे आणि त्यासोबत एक सल्लाही मिळतो: 'मिठाच्या पाण्याचा टँक घ्या, क्लोरीनची कटकट नाही.'

हा सल्ला अर्धाच खरा आहे. मिठाच्या टँकमध्येही क्लोरीन असतंच, फक्त ते बाहेरून टाकावं लागत नाही. पंपाच्या पाइपलाइनवर एक सेल बसवलेला असतो. त्यात विशिष्ट लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यातून वीज गेली की खारट पाण्यातून क्लोरीन तयार होतं. ते जंतू मारतं आणि पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यात मिसळतं. म्हणजे मीठ संपत नाही. ते कमी होतं ते पाणी उसळून बाहेर गेलं, गळालं किंवा फिल्टर धुताना टाकून दिलं तरच.

मीठ किती आणि कोणतं?

8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल टँकमध्ये साधारण 45 हजार लिटर पाणी मावतं. बहुतेक यंत्रांना लिटरमागे 3 ते 3.5 ग्रॅम मीठ लागतं. म्हणजे सुरुवातीला 50 किलोच्या तीन पोती. समुद्राच्या पाण्यात याच्या दहापट मीठ असतं, त्यामुळे या पाण्याची चव जेमतेम खारट लागते.

स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ यासाठी नको. मिठागरातलं कच्चं खडे मीठही नको, कारण त्यात माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं. आयोडीन नसलेलं, शुद्ध केलेलं मीठ घ्यायचं. नव्या टँकचं प्लास्टर ताजं असेल तर पहिला महिनाभर मीठ घालायचं नाही.

नवख्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे यंत्रावर 'मीठ कमी' असा दिवा लागला की पोतं ओतणं. सेलवर क्षार चढले असतील किंवा थंडीत पाणी गार झालं असेल तरी तो दिवा लागतो. आधी वेगळ्या पट्टीने किंवा मीटरने मीठ मोजायचं. जास्त पडलेलं मीठ काढायला पाणी फेकून देण्याशिवाय उपाय नसतो.

खरी अडचण: जड पाणी

टँकमधले क्षार वाढले की थोडं पाणी काढून नवं भरा, असं यंत्रासोबतच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या गावात हा उपाय परवडणारा नाही. 45 हजार लिटर म्हणजे पाच हजार लिटरचे नऊ टँकर. शिवाय नवं पाणी आणायचं ते बहुधा पुन्हा बोअरचंच. बेसॉल्ट खडकातून येणारं हे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टोटल हार्डनेस लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो.

समजा बोअरचं पाणी 500 चं आहे. उन्हाळ्यात या टँकमधून रोज 8 मिलिमीटर पाणी उडालं तर दिवसाला सुमारे 250 लिटर आणि महिन्याला साडेसात हजार लिटर पाणी वर घालावं लागतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तेवढ्या भरपाईतून महिन्याला पावणेचार किलो क्षार टँकमध्ये जमा होतात आणि हार्डनेस 80 च्या वर चढतो. फेब्रुवारीत 500 वर असलेला टँक मेअखेर 800 च्या घरात जातो.

हे क्षार सगळ्यात आधी सेलच्या पट्ट्यांवर बसतात. तिथे पाण्याचा पीएच खूप चढतो आणि चुनखडीचा पांढरा थर जमतो. मग क्लोरीन कमी तयार होतं, पाणी हिरवं पडतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

यावर सगळ्यात चांगला उपाय पावसाळ्यातच करता येतो. 100 चौरस मीटरच्या छतावर 650 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं 80 टक्के पाणी हाती लागलं, तर 52 हजार लिटर होतात. म्हणजे पूर्ण टँक भरून वर उरतं आणि हे पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून टँकमध्ये घ्यायचं. उन्हाळ्यात टँकवर आच्छादन घातलं की बाष्पीभवन बरंच कमी होतं. बोअरच्या पाण्याने टँक भरून मग रसायनांवर पैसे घालण्यापेक्षा जूनपर्यंत थांबलेलं बरं.

दर आठवड्याला काय पाहायचं?

पीएच 7.2 ते 7.8 आणि मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम. मिठाच्या टँकमध्ये पीएच हळूहळू वरच चढतो, त्यामुळे तो उतरवायला थोडं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लागतं. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. ब्लीचिंग पावडरजवळ ते ठेवायचंही नाही, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. काठाला शाहबादी फरशी असेल तर जपून. हा चुनखडीचाच दगड आहे. अ‍ॅसिडचा थेंब पडला की फेस येतो आणि खारं पाणी सतत उडत राहिलं तर त्याचे पापुद्रे सुटतात.

कडक उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. ते टिकवायला सायन्युरिक अ‍ॅसिड 30 ते 50 पीपीएम ठेवतात. सेल महिन्या-दोन महिन्यांनी उघडून पाहायचा. पांढरा थर दिसला तर एक भाग अ‍ॅसिड आणि पाच ते दहा भाग पाणी अशा मिश्रणात दहा-पंधरा मिनिटं बुडवायचा. खरवडायचा नाही, पट्ट्यांवरचा लेप निघतो.

पंप चालू असतानाच सेल क्लोरीन बनवतो. उन्हाळ्यात या टँकला दिवसाला 135 ग्रॅम क्लोरीन लागलं आणि सेल तासाला 15 ग्रॅम देत असेल, तर नऊ तास वीज हवी. वीज तेवढी टिकत नसेल तर मोठ्या क्षमतेचा सेल घ्यावा लागतो.

टाकाऊ पाणी शेतात नको

वाळूचा फिल्टर उलटा धुताना प्रत्येक वेळी हजार लिटरच्या आसपास खारं पाणी बाहेर पडतं. 'पाणी वाया का घालवायचं' म्हणून ते तुरीला किंवा उसाला सोडण्याचा मोह होतो. त्या हजार लिटरमध्ये तीन किलोहून जास्त मीठ असतं. आठवड्याला एकदा धरलं तरी वर्षाला 160 किलो. अशा पाण्याची विद्युत वाहकता 5 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते. सिंचनाच्या पाण्यात 3 च्या वरची वाहकताही गंभीर मानतात. मिठातल्या सोडियममुळे काळ्या चिकण मातीची रचना मोडते, जमीन घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं. अशी चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, निचरा आणि गोडं पाणी हे सगळं लागतं. विहिरीजवळ सोडलं तर तेच मीठ झिरपून विहिरीत येतं.

पावसाळ्यात टँक काठोकाठ भरून वाहिला तरी हेच होतं. म्हणून जूनआधी पातळी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली ठेवायची. छताचं पाणी हवं तेवढंच आत घ्यायचं, उरलेलं वेगळ्या टाकीत साठवायचं.

धुण्याचं पाणी उन्हात सुकवायचं म्हटलं, तर आठवड्याला हजार लिटरसाठी जवळपास टँकएवढाच उथळ हौद लागेल. त्यामुळे अशा ठिकाणी वाळूऐवजी काट्रिज फिल्टर सोयीचा. तो बाहेर काढून नळीने धुतात आणि पाणी बरंच कमी लागतं. ते प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या छोट्या खड्ड्यात सुकवायचं, पावसाळ्यात खड्डा झाकायचा आणि तळाशी उरलेलं मीठ खरवडून पोत्यात भरायचं.